दिबांचं नाव हवंच, पण त्यांच्यातला वकीलही आठवा

संपादक साहेब, नमस्कार.

नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या या मागणीवर आपल्या पेपरात बरंच छापून येतं आणि ते यायलाच पाहिजे. 10 जून 2021 च्या मानवी साखळीत आमचं गाव रस्त्यावर उभं होतं, आणि 24 जूनला कोरोनाचे दिवस असूनही सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या भवनाच्या घेरावाला किती माणूस लोटला होता ते सगळ्यांनी बघितलंय. पण एक गोष्ट मला सारखी खटकते. दि. बा. पाटील म्हटलं की सगळे मोर्चे सांगतात, भाषणं सांगतात, त्यांच्यातला वकील कोणीच सांगत नाही.

जासईसारख्या गावातला 1926 सालचा मुलगा वकील झाला आणि पनवेलला प्रॅक्टिस करता करता 1957 ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) विधानसभेत गेला. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. 1999 ला ते शिवसेनेत गेले त्यावर आमच्याकडे आजही घरोघरी वाद होतात, तो विषय इथे नको.

सिडको 1970 ला आली आणि ठाणे-पनवेल-उरणच्या 95 गावांची शेती, मिठागरं सगळं संपादनात गेलं, तेही 1894 च्या इंग्रजांच्या कायद्याने. त्या कायद्यात एक मेख होती. मोबदला मुकाट्याने घेतला की संपलं, पुढे कोर्टात वाढीव मागता येत नव्हतं, पण घेताना हरकत नोंदवली असेल तर कलम 18 खाली जाता यायचं. आमच्या आजोबांच्या जुन्या कागदावर अंगठ्याच्या वर शाईने 'हरकत राखून' असं लिहिलेलं आहे. आजोबांना सही येत नव्हती, म्हणजे ते कोणीतरी जाणत्या माणसाने शेजारी बसून लिहून दिलं, आणि त्या दोन शब्दांमुळेच आमची केस पुढे उभी राहिली. ज्यांना सांगणारं कोणी भेटलं नाही त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई-नवघर पट्ट्यात दिबांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. माझ्या मते दिबांचं खरं मोठेपण इथे आहे. नुसते पैसे वाढवा म्हटलं असतं तर पैसे आले असते आणि एका पिढीत खर्च झाले असते, त्यांनी जमीनच परत मागितली, शहरात शेतकऱ्याचा वाटा मागितला. जमिनीचे कागद वाचलेल्या माणसालाच हे सुचतं असं मला वाटतं. हातात मात्र साडेबारा येत नाहीत, सामाजिक सुविधांसाठी पावणेचार कापले जातात आणि उरतात पावणेनऊ, म्हणजे 40 गुंठ्यांमागे साडेतीन गुंठे. तेवढ्यासाठी सुद्धा वारसदाखला, पात्रता, भावाभावांच्या सह्या यात माणूस म्हातारा होतो, मग कोणीतरी येतो, फाईल द्या म्हणतो, रोख टेकवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर सही घेऊन जातो. त्यात काय लिहिलंय ते घरातल्या कोणी वाचलेलं नसतं. आमच्याच गावात असे प्लॉट गेलेत, आज त्यावर टॉवर उभे आहेत आणि मूळ मालकाचा पोरगा त्याच टॉवरला वॉचमन आहे. गरजेपोटी परवानगीविना बांधलेल्या घरांचंही तसंच, नोटीस आली की लोक आधी नेत्याकडे धावतात, वकिलाकडे नाही, कारण वकिलाची फी परवडत नाही आणि नोटिशीची भाषा कळत नाही.

आता आमच्यात वकील कमी नाहीत, आगरी-कोळी घरातली कितीतरी पोरं-पोरी काळा कोट घालून पनवेल, उरण, अलिबागच्या कोर्टात जातात, त्यातले बरेचजण पुढे निवडणुकीचंही बघतात. बघू दे की, पण बॅनर लावायच्या आधी गावात बसून लोकांचे कागद वाचून द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या ओट्यावर फुकट बसलात तरी पुष्कळ झालं. वकील संघटनांनी हे मनावर घ्यावं.

आणि आपल्या पेपरला विनंती आहे की आठवड्याला एक कोपरा यासाठी द्या. वाचकांनी नोटीस, निवाडा, सातबारा यातली अडचण पाठवायची आणि एखाद्या वकिलाने साध्या मराठीत उत्तर द्यायचं, नाव न छापता. पहिला प्रश्न मी पाठवतो, वारस नऊ आणि सही एकाचीच असली तर तो करार बाकीच्यांवर कितपत बांधील राहतो?

आपला एक वाचक,
उरण तालुका, जि. रायगड