पासवर्ड मजबूत करण्यापेक्षा तो बंदच करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायबर सुरक्षेविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा "पासवर्ड मजबूत ठेवा" या सल्ल्यापाशी संपते. घरी किंवा भाड्याच्या क्लाउडवर स्वतःचा छोटा लिनक्स सर्व्हर चालवणाऱ्यांना तेवढे पुरत नाही, म्हणून हे पत्र.

असा सर्व्हर इंटरनेटला जोडला की लवकरच त्याच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) 'फेल्ड पासवर्ड', म्हणजे 'पासवर्ड चुकला', अशा ओळींची रांग लागते. कुणी रूट, कुणी अ‍ॅडमिन, कुणी ओरॅकल, तर कुणी 'पाय' या नावाने आत शिरू पाहतो. (रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या निर्मात्यांनी 'पाय' हे आयते खाते २०२२ मध्ये काढून टाकले, तरी त्याचा शोध थांबलेला नाही.) नवख्या माणसाला वाटते की कोणीतरी आपल्याच मागावर आहे. तसे नसते. आयपीव्ही४ या पद्धतीचे इंटरनेटवरचे सगळे पत्ते मिळून सुमारे ४३० कोटी, आणि त्यांवरचे एखादे पोर्ट (क्रमांक दिलेले प्रवेशद्वार) एका संगणकावरून पाऊण तासात तपासून होते, हे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप या साधनाने २०१३ मध्येच दाखवले होते. त्यामुळे एसएसएचचे, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉग-इन करण्याच्या सोयीचे, उघडे २२ क्रमांकाचे पोर्ट कुणाच्या नजरेतून सुटेल, ही आशा व्यर्थ आहे.

यावर पोर्टचा क्रमांक बदलणे आणि वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना अडवणारा फेल२बॅन हा प्रोग्राम बसवणे हे दोन उपाय हमखास सुचवले जातात. पहिल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही. दुसरा उपयोगी आहे, परंतु दहा मिनिटांत पाच वेळा चुकणाऱ्या पत्त्याला दहा मिनिटे अडवायचे ही त्याची मूळ मांडणी असल्याने, शेकडो पत्त्यांवरून प्रत्येकी दोन-तीनदाच प्रयत्न करणारी टोळी त्याच्या हातून सहज निसटते.

खरा उपाय म्हणजे एसएसएचचे पासवर्डने होणारे लॉग-इन पूर्ण बंद करून फक्त की (संगणकाने तयार केलेली डिजिटल किल्ली) ठेवणे, कारण एडी२५५१९ प्रकारची की अंदाजाने ओळखणे व्यवहारात अशक्य आहे. मात्र पब्लिक की (किल्लीच्या जोडीतला उघड भाग) सर्व्हरवर चढवल्यावर चालू सेशन तसेच उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाता येते का ते आधी पाहावे, नाहीतर आपणच बाहेर राहू. आणखी एक खोच आहे. उबंटू या लिनक्सच्या क्लाउड प्रतींमध्ये अनेकदा सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिट या प्रोग्रामची वेगळी छोटी फाइल असते. ती एसएसएचच्या मुख्य फाइलीतील सेटिंगच्या आधी वाचली जाते आणि पहिले मूल्यच ग्राह्य धरले जात असल्यामुळे, मुख्य फाइलीत 'नो' लिहूनही पासवर्ड चालूच राहू शकतो. म्हणून शेवटी सर्व्हर प्रत्यक्षात कोणती सेटिंग पाळतो आहे, याची खात्री करून घ्यावी.

हल्ला करणारा पत्ता शोधून त्याच्यावर उलट हल्ला चढवण्याची खुमखुमी काहींना येते, ती आवरावी. तो पत्ता बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी बाधित राउटरचा, कॅमेऱ्याचा किंवा सर्व्हरचा असतो. २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांत सर्वांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड ठेवण्यास कायद्याने मनाई केली आहे. आपल्याकडे मात्र राउटर किंवा कॅमेरा बसवायला आलेला माणूस 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' तसेच ठेवून निघून जातो आणि ग्राहकही त्याला हटकत नाही. हा पासवर्ड त्याच्यासमोरच बदलून घ्यायला हवा.

आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात एसएसएच की तयार करण्याची कृती एकदा पायरीपायरीने, सचित्र द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली