आरोग्यमंत्री साहेब, कानात आवाज सुरू झालेल्या पेशंटला नुसतं "लक्ष देऊ नका" सांगून घरी पाठवू नका

मा. आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. मी एक साधा पेशंट, काही महिन्यांपूर्वी दोन्ही कानात बारीक, उंच पट्टीचा आवाज सुरू झाला तो आजपर्यंत थांबलेला नाही. बाहेर काहीच वाजत नसतं, शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही, मला मात्र चोवीस तास. याला टिनिटस म्हणतात हे मला आधी माहीतसुद्धा नव्हतं. बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि आजार काय दुर्मिळ वगैरे नाहीये बरं का, २०२२ साली जामा न्यूरॉलॉजी या जर्नलमध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात साधारण १४ टक्के प्रौढांना हा आवाज कधी ना कधी येतो आणि १२ कोटींहून जास्त लोकांना तो मोठा त्रास वाटतो असं दिसलं. म्हणजे तुमच्या खात्यातही कुणाला तरी असणारच.

डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, ओपीडीत त्यांना प्रत्येकामागे दोन-चार मिनिटं मिळतात त्यात ते तरी काय करणार. कान बघितला, मळ नाही, पडदा ठीक, ऑडिओग्राम (ऐकण्याची टेस्ट) नॉर्मल, "याला औषध नाही, लक्ष देऊ नका, सवय होईल", नेक्स्ट. आता यातलं एकेक वाक्य बरोबरच आहे हो, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात काय पडलं तर फक्त "औषध नाही" एवढंच, बाकी सगळं विरून जातं. ऑडिओग्राम नॉर्मल म्हणजे कान शंभर टक्के ठीक असंही नसतं, नेहमीची टेस्ट ८००० हर्ट्झपर्यंतच (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) बघते, त्याच्या वरचं नुकसान त्यात दिसतच नाही. हे कुणी सांगितलं नाही की पेशंटला वाटतं आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय.

खरं तर समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. आतल्या कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी) मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी (कॅन्सरचं सिस्प्लॅटिन, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं) खराब झाल्या की मेंदूकडे जाणारा सिग्नल कमी होतो, मग स्टेशन नीट लागत नसलेल्या रेडिओचा आवाज वाढवत न्यावा तसा मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो आणि ती खरखर आपल्याला ऐकू येते, असं बहुतेक संशोधक मानतात. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. आवाज नवा असतो तेव्हा मेंदू त्याला धोका समजतो, झोप उडते, झोप उडाली की चिडचिड आणि टेन्शन, टेन्शनने आवाज अजून मोठा वाटतो, आणि हे चक्र पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात वाईट असतं. पुढे बऱ्याच जणांचा मेंदू हळूहळू त्याला बाजूला टाकतो, आवाज राहिला तरी त्रास कमी होतो. पण त्याच पहिल्या आठवड्यांत आपल्या व्यवस्थेत माणसाला धरायला कुणीच नसतं! तेव्हा माणूस रात्री तीनला मोबाइलवर शोधत बसतो आणि नको ते वाचतो.

आणि नको ते विकतही घेतो. कानातला आवाज "मुळापासून" घालवणारे थेंब आणि कॅप्सूल यांच्या जाहिराती माझ्या फोनवर अजून येतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच गाइडलाइनमध्ये लिहिलंय की टिनिटससाठी जिंकगो (एका झाडाच्या पानांचा अर्क), मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते), झिंक सुचवू नका, आणि ज्याला त्रास होतोय त्याला सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) सुचवा, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करा. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२० ची गाइडलाइन तर नुसत्या टिनिटससाठी बेटाहिस्टिन हे चक्करेवरचं औषधसुद्धा देऊ नका म्हणते. मग हे दावे तुमच्या औषध खात्याच्या नजरेत कसे येत नाहीत?

मला मशीन नकोत, मोठं हॉस्पिटलही नको. पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरांना कोणता पेशंट थांबू शकतो आणि कोणता नाही एवढं पक्कं शिकवा. अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं आणि सोबत आवाज सुरू झाला तर ती इमर्जन्सी आहे, स्टिरॉइडचा फायदा व्हायचा असेल तर तो लवकर सुरू केला तरच, आणि "सर्दी असेल, बघू पुढच्या आठवड्यात" म्हणण्यात लोकांचे कान जातात. एकाच कानात सतत आवाज, नाडीच्या ठेक्यावर धडधड, चक्कर, चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडणं, हे सगळं पुढे पाठवायचंच. बाकीच्यांसाठी एक ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि सीबीटी येणारा एक काउन्सेलर, फोनवर असला तरी चालेल. काही लोक या आवाजाने जीव द्यायच्या विचारापर्यंत जातात साहेब, म्हणून झोप आणि मूड याबद्दल दोन प्रश्न प्रत्येक पेशंटला विचारलेच पाहिजेत.

हा आजार होऊच नये म्हणूनही थोडं बघा. ८५ डेसिबलच्या वर आठ तास काम करणाऱ्याला इअरप्लग मिळतात का, कुणी तपासतं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मोठ्या आवाजाच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, ती राजकीय सभांच्या स्पीकरलाही लावून बघा एकदा, तुमच्याही कानांचं भलं होईल.

काउन्सेलर नेमायला वेळ लागेल हे कळतं मला. तोपर्यंत एक पानाचं माहितीपत्रक तरी छापा. एकदम शांत खोलीत झोपू नका, पंखा किंवा हलका आवाज चालू ठेवा, रोजची औषधं स्वतःहून बंद करू नका, कान दिवसभर इअरप्लगने बंद ठेवू नका, आणि या-या लक्षणांना लगेच परत या. डॉक्टर "नेक्स्ट" म्हणायच्या आधी ते पेशंटच्या हातात देतील. मजकूर तज्ज्ञांकडून तपासून घ्या, भाषा सोपी आहे की नाही ते तपासायला मी आणि माझ्यासारखे बरेच जण फुकट यायला तयार आहोत.

आपला,
कानात आवाज असलेला एक नागरिक