कणकवलीच्या सरांना, दोन रेझिस्टरबद्दल

सर, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितेय. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "आवस बरी आसा मां?" (आई बरी आहे ना) म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी हे लिहायला बसले.

आमची देवगडकडची जुनी बाग, कार्बाइड घालायचं नाही हा आजोबांपासूनचा नेम, आंबा पिकतो तो पेंढ्यातल्या आढीतच. आणि आढी म्हणजे आईचा हात. रात्री दोनदा उठून पेंढ्यात हात घालायची आणि सांगायची, ही उद्या उघडा, ही फार तापलीय आत्ताच मोकळी करा. यंदा मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खळ्याच्या खालच्या पडवीत उतरणं बंद. गेल्या वर्षी मावसभावाने हौसेने नोडएमसीयू नावाचा एक छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि स्टीलच्या नळीतला, तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर लावून दिला होता, ल्युआ या भाषेत प्रोग्राम लिहून, तो व्यवस्थित चालायचा. मग त्याचा लॅपटॉप गेला, प्रोग्रामही गेला, तो नोकरीला बाहेर, आणि मी आर्डुइनो या दुसऱ्या पद्धतीत सगळं परत लिहिलं. तोच बोर्ड, तोच सेन्सर, तीच वायर, पिनचा तोच चार नंबर. आणि स्क्रीनवर उणे १२७.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आठवले तरी पोटात कालवतं. ज्या दुकानातनं सामान घेतलं त्याने न बघताच सांगितलं, सेन्सर गेला, नवा घ्या. घेतला. मग म्हणाला, बोर्ड डुप्लिकेट असेल, तोही घ्या. तोही घेतला. जुना सेन्सर टेस्टिंगला ठेवून घेतला तो आजतागायत परत दिला नाही. ज्या क्लासची फी भरली होती तिथल्या शिकवणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं की एवढं बेसिक येत नसेल तर कसं होणार. एकाने सांगितलं, आर्डुइनो सोड, मायक्रोपायथन ही तिसरी भाषा टाक, त्यात सगळं चालतं. टाकलं, तर त्यात ८५. आढीत हात घातला तर कोमट आणि स्क्रीन म्हणते पंच्याऐंशी. त्या रात्री तीन पेट्यांचा माल गरम होऊन काळा पडला आणि आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

सर, तुमचा नंबर मला शेजारच्या वायरमन दादाने दिला. रात्री साडेआठ वाजले होते, मी घाईघाईत सगळं एका दमात सांगायला लागले, बोर्ड, वायर, व्होल्टेज, आणि तुम्ही मध्येच विचारलंत, "तू जेवलंस काय?" मग म्हणालात, आता आधी काय काय करून बघितलंस ते सावकाश सांग. तीन आठवड्यांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. चाळीस मिनिटं ऐकून घेतलंत, फोटो मागवलेत, आणि सांगितलंत, "सेन्सर बरो आसा गो, नंबरात घोळ आसा."

तो घोळ मला अजून पाठ आहे. ल्युआत चार म्हटलं की बोर्डावर छापलेला डी ४, म्हणजे चिपच्या स्वतःच्या नंबराने जीपीआयओ २. आर्डुइनोत नुसतं चार लिहिलं की तो जीपीआयओ ४, जो बोर्डावर डी २ आहे. म्हणजे मी तीन आठवडे रिकाम्या पिनला तापमान विचारत होते, आणि उणे १२७ म्हणजे इथे कुणी नाही एवढंच ते सांगत होतं. मायक्रोपायथनमध्ये पिन बरोबर पडली होती पण सेन्सरला मोजायला पाऊण सेकंद लागतो, आर्डुइनोचा तयार कोड तेवढं आपणहून थांबतो, इथे आपल्याला थांबावं लागतं आणि मी थांबतच नव्हते, म्हणून मोजायच्या आधीचा ८५ दिसत होता. सेन्सर एकही जळला नव्हता. आणि दुकानदाराने दिलेल्या नव्या नळीसोबत रेझिस्टर बसवलेली ती छोटी पट्टी नव्हती, म्हणजे सेन्सरच्या वायरवरचा सिग्नल नीट ठेवणारा रेझिस्टरच नाही, हे तुम्ही फोटोवरनं ओळखलंत.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे तुम्ही एक पाकीट दिलंत. जुन्या डायरीच्या कागदाची घडी, आत ४.७ के चे दोन रेझिस्टर सेलोटेपने चिकटवलेले, खाली पेनाने त्यावरच्या पट्ट्यांचे रंग, "पिवळा, जांभळा, लाल", म्हणजे मी दुसराच लावू नये. दोन का, तर खाली लिहिलं होतं, "एक हरवलो तर दुसरो." आणि त्याच्याखाली, "८५ दिसला तर घाबरायचा नाय. ८५ म्हणजे सेन्सर जिवंत आसा, उत्तर देता."

सर, मी स्टँडवरच बाकड्यावर बसून रडले. रेझिस्टर रुपया-दोन रुपयाचा असतो, तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी मी आणला असता. पण माझ्या हातनं तो पेंढ्यात पडेल आणि मी परत खचेन हे तुम्हाला आधी सुचलं. हुशार माणसं मला या महिन्यात खूप भेटली, त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त येतं. पण समोरच्याला लाज वाटू न देता सांगणं ही वेगळी विद्या आहे, आणि आपल्या कोकणात ती अजून आहे, एसटीच्या ड्रायव्हरनेही पाकिटाचे पैसे घेतले नाहीत, उलट विचारलं, आंबा कसा आहे यंदा.

त्या रात्री आकडा आला ३१.२५. मी लॅपटॉप उचलून आईच्या खाटेजवळ नेला. तिने मला आढीतला एक आंबा आणायला लावला, गालाला लावून बघितला आणि म्हणाली, "बरोबर सांगतंय." मग ती सकाळपर्यंत झोपली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

दुसरा रेझिस्टर तुमच्या कागदातच आहे, तो लागला नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीला त्याच ड्रायव्हरकडे पेटी देतेय, नाही म्हणू नका. वरचा थर त्याच दिवशी खायचा. खालचे चार दिवस तसेच पेंढ्यात ठेवा, मधे उघडू नका, आईने मुद्दाम सांगायला सांगितलंय.