नुसतं खरं असून भागत नाही

'छापलं ते खरं होतं' एवढं सांगितलं की बदनामीच्या दाव्यातून संपादक सुटतो, हा समज अर्धाच बरोबर. दिवाणी दाव्यात सत्य पुरतं. फौजदारीत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसारही, ते लोकहितासाठी छापलं हेही दाखवावं लागतं. सिद्ध करायचं ओझं छापणाऱ्यावरच. टिळक-आगरकरांनाही ते पेललं नाही. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं बनावट निघाली आणि माफी मागूनही १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. मी मुद्रितशोधक होतो तेव्हा आमचे संपादक मूळ कागद पाहिल्याशिवाय असला मजकूर सोडत नसत. झेरॉक्स टेबलावरूनच परत यायची. आता व्हॉट्सॲपवरचा फोटोसुद्धा चालतो म्हणे!

– एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे