तातडीच्या उपचारांचे दार रात्रीही उघडे राहू द्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या रुग्णालयातील तातडीच्या उपचारांचा विभाग रात्री बंद ठेवावा आणि त्या वेळेतील रुग्णांना दूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे, असा प्रस्ताव आपल्या विचाराधीन आहे. तो मंजूर करू नये, अशी आम्हा नागरिकांची कळकळीची विनंती आहे.

मागल्या वर्षी पहाटे तीनच्या सुमारास माझ्या वडिलांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. याच विभागात त्यांना नेले, तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे नीट कधी बोलले?" मी सांगितलेली वेळ त्यांनी जवळ कागद नव्हता म्हणून पेनाने स्वतःच्या तळहातावर लिहिली आणि स्ट्रेचर थेट सीटी स्कॅनकडे वळवले. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री स्कॅनने केल्याशिवाय ते देता येत नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आज वडील शर्टाची बटणे स्वतःच्या हाताने लावतात. आणखी दीड तास रस्त्यात गेला असता तर काय झाले असते, हा विचार मला अजूनही झोपू देत नाही.

रात्री रुग्ण कमी येतात, हे प्रस्तावामागचे मुख्य कारण सांगितले जाते. संख्या कमी असेलही. परंतु बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, दम्याचा तीव्र झटका किंवा तान्ह्या बाळाची न थांबणारी आकडी रात्रीचा हिशेब पाहून येत नाही. इंग्लंडमधील १० हजारांहून अधिक गंभीर रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयाचे अंतर १० किलोमीटरने वाढले की मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्याने वाढते, असे त्यात आढळले, आणि श्वसनाचा त्रास असलेल्यांना ही झळ सर्वाधिक बसत होती.

हृदयविकार किंवा मोठ्या अपघातातील काही रुग्णांना विशेष सुविधांच्या केंद्रात हलवणेच योग्य असते, हे आम्हाला मान्य आहे. मात्र हलवण्यापूर्वी श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबवणे, शिरेवाटे द्रव आणि औषधे सुरू करणे ही कामे जवळच कुठेतरी व्हावीच लागतात. शिवाय रुग्णवाहिका एका रुग्णाला घेऊन लांब गेली की ती परत येईपर्यंत पुढच्या हाकेला धावणारे कोणी उरत नाही. आणि सगळेच काही रुग्णवाहिकेतून येत नाहीत. लेकराला आकडी आली की आई त्याला उचलते आणि ओळखीच्या दाराकडे धावत सुटते. ते दार रात्री बंद असते हे तिला तिथे पोहोचल्यावरच कळणार.

आणखी एक भीती बोलून दाखवतो. तातडीचा विभाग गेला की भूलतज्ज्ञाची रात्रपाळी जाते, ती गेली की रात्रीच्या सिझेरियन शस्त्रक्रिया थांबतात, आणि मग प्रसूती विभागही टिकत नाही. आज एका विभागापुरता दिसणारा निर्णय उद्या सगळ्या रुग्णालयाला पोखरू शकतो. मनुष्यबळाची अडचण खरी आहे. येथील डॉक्टर आणि सिस्टर सलग पाळ्या करून थकले आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. म्हणूनच रिक्त पदे आधी भरावीत.

महोदय, प्रस्ताव ज्या आकडेवारीवर बेतला आहे ती, दूरच्या रुग्णालयापर्यंत रात्री प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या नोंदींसह, सर्वांसमोर ठेवावी. त्यानंतर येथे जाहीर सुनावणी घ्यावी आणि तोवर विभाग चोवीस तास सुरू ठेवण्याचा लेखी आदेश काढावा. सुनावणीला आपण स्वतः यावे. शक्य झाल्यास आदल्या रात्री तासभर त्या विभागाच्या बाकावर आमच्यासोबत बसावे.

आपला नम्र,
एका रुग्णाचा मुलगा