खरेदी विभागातून ऑर्डर सोडवून घेताना

चाकण

प्रिय मित्रा,

मेंटेनन्सचा चार्ज घेतलास आणि पहिलीच पीआर (खरेदीची मागणी) 'तीन कोटेशन जोडा' असा शेरा मारून परत आली, म्हणून तू खरेदीवाल्यांवर भडकला आहेस. राग गिळ. त्या माणसाला ऑडिटरपुढे सांगावं लागतं की याच्याकडूनच का घेतलं आणि याच भावानं का. ही उत्तरं तू कागदावर दिलीस तर तो तुझी फाइल स्वतः पुढे नेईल. नाहीतर तुलनेचा तक्ता करून एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाववाल्याला, ऑर्डर देईल, आणि त्याचं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

सगळा जीव पीआरमधल्या मालाच्या वर्णनात ओत. नुसतं '6205 बेअरिंग' लिहिलंस तर 25 मिमी बोअर, 52 बाहेरचा व्यास आणि 15 रुंदीचं कुठलंही बेअरिंग चालतं. रबरी सील की पत्र्याची शील्ड, सी-थ्री क्लिअरन्स (आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक) हवा का, कोणते मेक चालतील, हे त्याच ओळीत यायला हवं. स्पिंडलच्या (मशीनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगला पी-फोर ही वरच्या दर्जाची अचूकता आणि जुळवलेली जोडी लिहायचं राहिलं, तर साधं बेअरिंग स्वस्तात येईल आणि स्टोअरला ते परतही करता येणार नाही, कारण पीओप्रमाणे, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरप्रमाणे, माल बरोबरच असेल.

मशीन बनवणाऱ्याचाच सुटा भाग असेल तर दुसऱ्याचा का चालत नाही ते लिही. त्यांचं पत्र, मागच्या पीओचा भाव, लाइन थांबली तर तासाला किती नग बुडतात, हे सगळं जोड. मात्र मंजुरीची मर्यादा चुकवायला एका कामाच्या दोन पीआर कधीही करू नकोस. ते सिस्टिममध्ये दिसतं, आणि मग तुझ्या खऱ्या तातडीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तुझ्या त्या छोट्या ग्राइंडिंगवाल्याची मला फार काळजी वाटते. ऑर्डर निघाली तरी बिल अडकलं तर त्यानं पगार कुठून करायचे? 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. आणि 2023-24 च्या हिशेबापासून, मुदत टळली की तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला आयकरात वजा मिळत नाही. पुरवठादार म्हणून त्याचा वेंडर कोड सिस्टिममध्ये उघडतानाच त्याचं एमएसएमई नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र लावून घे, म्हणजे अकाउंट्सवालेही तारीख सांभाळतील.

पुढची पीआर पाठवायच्या आधी मला दाखव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना रूममेट