तुझ्या काठीला चीर गेलीय

सातारा,
६ ऑगस्ट

प्रिय बापू,

चैत्रापासून पत्र नाही. फोनवर नुसतं 'हो, बरंय, ठेवू का.' तू दोनदा शिव्या घातल्यास, त्या रास्तच होत्या. प्रकृती ठीक. साखर आहे तिथंच आहे, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, कुंदाची पाठ चालूच. झालं प्रकृतीचं.

फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की कुंदा शेजारी येऊन बसते आणि गोष्ट तिच्याच तोंडून सुरू होते. "भावोजी, ह्यांनी काय हाणला त्या चोराला!" तू ऐकलीस, खो खो हसलास, वर म्हणालास, वस्ताद वरून बघून मिशीला पीळ देत असतील. त्या रात्रीच लिहायला बसलो होतो, झालं नाही. आता गणपतीला येतोय तुझ्याकडे. काठी घेऊनच येणार, आणि माझ्याआधी तुझी नजर काठीवर जाणार. तिसऱ्या पेऱ्याखाली चीर गेलीय. तू विचारायच्या आत सांगतो.

तुझ्या बांबूच्या बेटातला माणगा. तू तो निवडून तोडलास, चुलीच्या धगीवर सरळ केलास, महिनाभर करंजेल चोळलंस आणि खाली पितळी शेंबी ठोकलीस. डॉक्टर म्हणाले, रबरी बूच लावा, नाहीतर फरशीवर घसराल. मी लावलं आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. त्यावरून आपलं केवढं वाजलं! तू म्हणालास, साठी उलटली तरी तालमीतून बाहेर येईना हा माणूस. मी म्हणालो, शेंबी कुणी ठोकली? तर म्हणे काठी झिजू नये म्हणून. खोटं बोलतोस लेका. बेटात पोकळ बांबू इतके असताना जो भरीव माणगा निवडतो, त्याच्या मनात नुसतं टेकणं नसतं. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही, आल्यावर पुढं चालू करू.

तर यंदा चैत्रात उत्तरवाहिनी केली. रामपुरा ते तिलकवाडा या टापूत नर्मदा उत्तरेला वळते, तेवढ्यापुरतीच परिक्रमा. एकवीसेक किलोमीटर, मधे नावेतून पलीकडे. अख्खी रीतसर करायची तर ३ वर्षं ३ महिने १३ दिवस. तेवढं ना गुडघ्याच्या नशिबात ना कुंदाच्या रजेत. (ती निवृत्त झाली तरी तिला रजा लागते, तुला माहीत आहे.) ऊन टाळायला लोक तीनलाच निघतात. अंधारात नुसते टॉर्च आणि 'नर्मदे हर'. काठी घेतली होती ती कुत्र्यांसाठी. शेंबी दगडावर वाजली की कुत्री लांबूनच भुंकून घेतात, एवढा तिचा उपयोग खरा.

वाटेत एक बुवा भेटले, अख्खी परिक्रमा केलेले. शूलपाणीच्या झाडीतल्या गोष्टी सांगत होते. पूर्वी तिथं परिक्रमावासीयांना अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटायचे. पण लुटणाऱ्यांना म्हणायचं 'मामा', कारण नर्मदा आई आणि हे तिचे भाऊ. हातात दंड असायचा, पण मामांवर उगारायचा नाही. मी भक्तिभावानं मान डोलावली. आणि दुसऱ्याच रात्री बघ काय केलं.

परतीची गाडी चार तास उशिरा. एका जंक्शनचा फलाट, पावणेतीन वाजलेले. कुंदा बाकावर पर्स उशाशी घेऊन झोपलेली. मी शेजारी खांबाला पाठ टेकून उभा. का उभा, ते तुझ्याशिवाय कुणाच्या डोक्यात येणार नाही. गुडघा गेलेल्या माणसानं काठी उचलली की त्याचा एक पाय गेला. ती टेकायची तरी किंवा मारायची तरी. म्हणून पाठीला खांब. म्हणजे कुणी यायच्या आधीच मी पवित्रा घेऊन उभा होतो, बापू. त्या फलाटावर मी कुणाची तरी वाट बघत होतो, असं आता वाटतं.

पोरगा असेल सतरा-अठराचा. आला आणि पर्सचा पट्टा ओढला. मी काठी डोक्यावर नेली नाही, तेवढं वस्तादांचं लक्षात होतं. खालच्या खाली मनगटावर तमाचा दिला. पर्स पडली. इथवर कुंदाची गोष्ट खरी आहे.

पर्स माझ्या पायाशी पडली होती. त्यानं दोन्ही हात वर केले, तळवे माझ्याकडे, आणि म्हणाला, "बस, बाबाजी." आणि मी बाहेरा मारला. गुडघ्याखाली, नळीवर. तोच, जो वस्ताद वर्षभर घोटून घ्यायचे आणि माझा कायम अर्धा हात मागं राहायचा. त्या रात्री इतका स्वच्छ बसला! कडकन आवाज झाला, काठीचा की नळीचा देव जाणे. कुंदा त्या आवाजानं जागी झाली, म्हणून तिच्या गोष्टीत फटका एकच आहे. पोरगा पाय ओढत फलाटाच्या टोकाकडं अंधारात गेला. मी घाबरलो होतो, राग आला होता, म्हातारपण, परका मुलूख, सगळं स्वतःला सांगून बघितलं. पण त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच: बसला.

आता तू म्हणशील, चोर होता, चार फटके जास्त खाल्ले तर काय बिघडलं. इतर सगळे हेच म्हणतात. तू म्हणू नकोस. रंकाळ्यावर तुझी करंगळी मोडली तेव्हा तू काठी टाकून दिली होतीस. मी वस्तादांना सांगितलं, दिसलं नाही. अंधार पडला होता, सगळ्यांना पटलं, तुलाही पटल्यासारखं तू केलंस. दिसलं होतं मला. पन्नास वर्षं होत आली, तू ती वाकडी करंगळी घेऊन चहाचा कप धरतोस आणि मी दुसरीकडं बघतो.

तेव्हापासून कायदे वाचतोय, हसू नकोस. आपल्या पोलीस कायद्यातलं कलम ३७ बघ. सणासुदीच्या आधी पेपरात मनाई आदेश येतो ना, सोटे, तलवारी, भाले, लाठ्या, काठ्या बाळगू नका म्हणून, तो त्याखाली. त्यात शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते: ज्यांना काठीशिवाय चालता येत नाही त्यांना हे लागू नाही. काठी तीच, बघायचं ते पाय! शस्त्रांच्या नियमात तर तलवारीला लागूनच गुप्ती आहे. तुमच्या माळ्यावरची आजोबांनी विहिरीत टाकली ते शहाणपणच केलं. तू उगाच हिवाळाभर गळ टाकून बसला होतास.

आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही नेमकं कलम ३७च. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. चोरीबाबत कलम ४३ आणखी सरळ बोलतं: माल परत मिळाला की बचावाचा हक्क संपला. पर्स माझ्या चपलेला टेकलेली होती. वकील नको की साक्षीदार नको.

याच्यावर कडी म्हणजे इथल्या ज्येष्ठ नागरिक संघानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि बातमीसाठी काठी उगारलेला फोटो. आता दर रविवारी बागेत अकरा पेन्शनरांना 'प्रवासात काठीनं स्वसंरक्षण' शिकवतो. नको म्हणायला गेलो तर कुंदाच आधी हो म्हणून बसली होती. शिकवतो ते चांगलं शिकवतो हो. काठीचं टोक समोरच्याच्या छातीवर रोखून अंतर ठेवा, डोक्यावर कधी मारू नका, पाठीला भिंत किंवा खांब घ्या, मोकळा हात पुढं ठेवा, आणि आधी मोठ्यानं ओरडा, कारण निम्मं काम ओरडण्यानंच होतं. एका आजींनी विचारलं, छत्री चालेल का? म्हटलं, चालेल, फक्त उघडू नका. मनगटावरच्या तमाच्यापाशी मी तास संपवतो. बाहेरा कुणाला दाखवलेला नाही. परवा एकानं विचारलंच, पुढचा कधी घेणार? पाऊस आला म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. पाऊस नव्हता.

तुझं बाकी कुंदाकडून कळलं. नातीचं बारसं झालं, नाव छान आहे. माकडांनी यंदाही नारळ ठेवले नाहीत, हेही कळलं. आंब्याच्या कलमांचं म्हणशील तर त्या दलालाला यंदा तरी भाव आधी विचार. डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नकोस, मी आलो की सोबत येईन कुडाळला.

चीर वीतभर आहे. दोरा भिजवून करकचून गुंडाळलाय, पण भार टाकला की तळहाताखाली कुर्र करते. फलाटावर ती गेली, हे तुला नुसतं बघूनही कळलं असतं. भरीव माणगा टेकून टेकून चिरत नाही. माझ्यासाठी दुसरी तोडून ठेवू नकोस. हीच जोडता येते का ते आलो की बघ. आणि रबरी बूच लावलंय, शेंबीवरूनच. चढत नव्हतं, साबण लावून चढवलं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा